मेंदूतली छाटणी

आत्या चादरीची कडा चिमटीत धरून मेथी निवडत होती. पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला. चादर पांढरी शुभ्र, मेथी कुठेच नव्हती. तिला एक्याऐंशीवं लागलेलं. दोन दिवस अंगात ताप होता आणि तिसऱ्या दिवशी पहाटे वीस वर्षांपूर्वी गेलेल्या काकांना हाक मारून ती म्हणाली, ‘‘अहो, पाणी आलंय, आधी पिंप भरून घ्या.’’ घरात सगळ्यांची पाचावर धारण बसली. शेजारच्या काकू म्हणाल्या, वात झालाय. कुणी म्हणालं, वय झालं, आता हे असंच चालायचं. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा लघवी तपासायला पाठवली. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग निघाला. प्रतिजैविकं सुरू झाली आणि पाचव्या दिवशी आत्याने माझ्याकडे नीट पाहून विचारलं, ‘‘जेवलास का?’’

मूत्राशय कुठे आणि मेंदू कुठे! जंतू मेंदूपर्यंत पोचलेही नव्हते. मग मेंदूला ही खबर लागली कशी, आणि ती लागताच आत एवढी उलथापालथ कुणी केली? त्या आठवड्यात डोक्यात शिरलेल्या या प्रश्नाचा माग काढत मी ज्या पेशींपाशी येऊन थांबलो, त्यांचं नाव मायक्रोग्लिया. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि जे बोललं जातं त्यातलं बरंचसं एकांगी असतं, म्हणून हा लेख.

‘ग्लिया’ म्हणजे ग्रीक भाषेत सरस, डिंक. मेंदूतल्या चेतापेशी सोडल्या तर उरलेला सगळा ऐवज म्हणजे त्या पेशींना जागच्या जागी चिकटवून ठेवणारं भरण, अशी एकोणिसाव्या शतकातली समजूत होती. १८५६मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखोव यांनी त्याला हे नाव दिलं. स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल यांनी पुढे चेतापेशी म्हणजे पहिला घटक, ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ग्लियापेशी म्हणजे दुसरा, आणि उरलेलं सगळं ‘तिसरा घटक’ अशी वाटणी केली. काहाल १९०६चे नोबेल विजेते, त्या काळातला या विषयातला शेवटचा शब्द. पण तिसऱ्या घटकाच्या पेशींवर त्यांचा रंग नीट चढतच नसे. सूक्ष्मदर्शकाखाली नुसती केंद्रकं दिसत, हातपाय नसलेली.

ते हातपाय दाखवले पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी. वायादोलिद प्रांतातल्या पोर्तियो गावचा हा माणूस माद्रिदच्या प्रयोगशाळेत चांदीचे क्षार वापरून मेंदूचे काप रंगवत असे. त्याची कृती वाचताना मला जुन्या फोटो स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीची आठवण झाली. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात धुण्याच्या सोड्याचं द्रावण घालायचं, की पिवळसर पांढरा साका बसतो. मग त्यात अमोनिया थेंबाथेंबाने सोडायचा, साका जेमतेम विरघळेपर्यंतच. मेंदूचा पातळ काप या पाण्यातून काढून फॉर्मालिनमध्ये घातला की चांदी जिथे बसली असेल तिथे काळी होते. फिकट पार्श्वभूमीवर काट्याकुट्यांच्या फांद्यांसारख्या काळ्या, बारीक, चहूकडे हात पसरलेल्या पेशी उमटल्या. १९१९मध्ये ओर्तेगा यांनी त्यांना मायक्रोग्लिया म्हटलं. तिसरा घटक एक नव्हताच, त्यात दोन निरनिराळ्या जाती होत्या, हेही त्यांनी दाखवलं.

नुसतं चित्र दाखवून ते थांबले नाहीत. या पेशी मेंदूच्या मूळ घडणीतल्या नाहीत, गर्भावस्थेत त्या बाहेरून येतात. इजा झाली की हात आखडून गोल होतात, सरकतात, मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात, असं त्यांनी काचपट्टीवरच्या निर्जीव कापांवरून ताडलं. काहाल यांना हे पटलं नाही. दोघांमधला ताण वाढत गेला आणि १९२०मध्ये ओर्तेगा यांना काहाल यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडावं लागलं. पुढे यादवी युद्धाने त्यांचा देशही सुटला. पॅरिस, ऑक्सफर्ड, शेवटी बुएनोस आइरेस, आणि तिथेच १९४५मध्ये मृत्यू. त्यांचं म्हणणं बहुतांशी खरं होतं हे सिद्ध व्हायला पुढची साठ-पासष्ट वर्षं गेली. त्यांच्या रेखाटनांपुढे मी आजही थबकतो. पेशीचा एकेक काटा त्यांनी हाताने काढलाय.

या पेशी येतात कुठून, याचं पक्कं उत्तर २०१०मध्ये मिळालं. उंदराच्या गर्भाला पहिल्या दिवसांत बलकाची एक छोटी पिशवी जोडलेली असते. रक्त तयार करणारी अस्थिमज्जा, यकृत काही म्हणजे काही अजून बनलेलं नसतं, तेव्हा या पिशवीत काही भक्षक पेशी जन्मतात आणि नवख्या मेंदूत येऊन वस्ती करतात. त्यानंतर दार बंद. निरोगी मेंदूत रक्तातून त्यांची नवी भरती होत नाही; तिथल्या तिथे विभागून त्या आपली संख्या राखतात. माणसाच्या गर्भातही पहिल्या काही आठवड्यांतच त्या मेंदूत दिसू लागतात. त्यांचं वय मोजायला शास्त्रज्ञांनी एक विलक्षण घड्याळ वापरलं. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढवून ठेवला होता. कोणत्या वर्षी जन्मलेल्या पेशीच्या डीएनएत तो किती सापडतो, त्यावरून तिचं वय काढता येतं. स्वीडनमधल्या गटाने २०१७मध्ये हिशेब मांडला: माणसाची मायक्रोग्लिया पेशी सरासरी सव्वाचार वर्षांची असते, दर वर्षी सुमारे २८ टक्के पेशी बदलल्या जातात, आणि काही तर वीस वर्षांहून जुन्या असतात. रक्तातल्या कितीतरी रक्षक पेशी काही दिवसांत मरतात. त्या मानाने मायक्रोग्लिया म्हणजे घरातल्या जुन्या माणसांसारख्या. अनुभव साठवून ठेवणाऱ्या, आणि कधीकधी तोच अनुभव अंगावर घेणाऱ्या. आत्याकडे परत येताना हे लागणार आहे.

जिवंत मेंदूत त्या काय करतात हे पाहायला २००५ साल उजाडलं. उंदराच्या कवटीचं हाड एका चिंचोक्याएवढ्या जागेत पातळ करून, त्यातून लेझरचा किरण आत सोडून, चमकणाऱ्या मायक्रोग्लियांचं चित्रण जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी केलं. तोवर पुस्तकांत या पेशींना ‘विश्रांतीतल्या’ म्हटलं जाई. पडद्यावर दिसलं ते भलतंच. पेशीचं धड जागेवर, पण शाखा सतत हलत होत्या. लांबायच्या, आखडायच्या, टोकाला छोटे फुगवटे काढून आजूबाजूचं चाचपायच्या. या हिशेबाने काही तासांत मेंदूचा कोपरान् कोपरा चाचपून होतो. मग संशोधकांनी लेझरने एका बिंदूवर इवलीशी जखम केली. काही मिनिटांत चारी बाजूंच्या पेशींच्या शाखा तिकडे वळल्या आणि अर्ध्या तासाच्या आत जखमेभोवती कोंडाळं करून त्यांनी ती बाकीच्या मेंदूपासून तोडून टाकली. बोलावणं कुणी पाठवलं? फुटलेल्या पेशीतून सांडलेल्या एटीपीने. पेशीच्या आत हा इंधनाचा रेणू. बाहेर सांडला की आक्रोश.

यातही एक मेख होती, आणि विज्ञानातल्या अशा गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. ते उंदीर भूल दिलेले होते. २०१९मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी जागे उंदीर पाहिले, तर शाखा बऱ्याच आखडलेल्या. जागेपणी मेंदूत नॉरअॅड्रेनलिन हे रसायन खेळत असतं आणि ते मायक्रोग्लियांना आवरून धरतं. ते ओसरलं की शाखा पसरतात. गावातला जागल्या गाव निजल्यावर फेरीला निघायचा, तसंच काहीसं.

पण ‘मेंदूचे पहारेकरी’ एवढ्यावर थांबलं तर अर्धी गोष्टच सांगून होते. त्यांचं दुसरं काम छाटणीचं आहे.

नाशिककडच्या द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या होतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. निफाडजवळच्या एका बागेत मी खरड छाटणी पाहिली आहे. हिरवीगार वेल दुपारपर्यंत नुसती बोडकी खोडं होऊन उभी राहते. पाहणाऱ्याला वाटतं, संपली बाग. बागाईतदाराला माहीत असतं की आत्ता कापलं नाही तर पुढचा घड नाही. मात्र तारीख चुकली, जास्त कापलं, भलत्या डोळ्यावर कातर चालली, तर वर्ष हातचं गेलं.

बाळाच्या मेंदूतही हेच चालतं. दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या जोडाला सिनॅप्स म्हणतात. वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मेंदूच्या पुढच्या भागात सिनॅप्सची दाटी प्रौढ माणसापेक्षा सुमारे निम्म्याने जास्त असते. पुढे किशोरवयापर्यंत ती कापून कमी केली जाते. जे जोड वापरात आहेत ते राहतात, दुबळे जातात. ही कातर बऱ्याच अंशी मायक्रोग्लियांच्या हातात आहे, हे २०११ आणि २०१२मधल्या उंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवलं. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंचे तुकडे चक्क मायक्रोग्लियांच्या पोटात सापडले. कोणता जोड कापायचा याची खूण करतात सी१क्यू आणि सी३ ही प्रथिनं. रक्तात हीच प्रथिनं जंतूंवर चिकटून ‘याला खा’ असं सांगतात. अमेरिकेतल्या बेन बॅरेस आणि बेथ स्टीव्हन्स यांनी २००७मध्ये हा धागा पकडला. उलट ‘मला खाऊ नका’ सांगणारं सीडी४७ हे प्रथिनही सिनॅप्सवर असतं. जंतू मारण्यासाठी घडलेलं हत्यार मेंदूने बाग राखायला वापरलं, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

आता हीच कातर साठी-सत्तरीत पुन्हा चालू लागली तर? २०१६मध्ये स्टीव्हन्स यांच्या गटाने अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांत नेमकं हेच पाहिलं. अमिलॉइड या प्रथिनाचे गोळे मेंदूत साचण्याच्याही आधी सिनॅप्सवर सी१क्यूच्या खुणा वाढल्या होत्या आणि मायक्रोग्लिया ते जोड गिळत होत्या. खूण करणारं प्रथिन अडवलं की जोड वाचत. त्याच वर्षी सुमारे ६५,००० लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा धोका सी४ या त्याच कुळातल्या प्रथिनाच्या जनुकाशी जोडलेला दिसला. हा आजार बहुधा सतरा ते पंचविशीत डोकं वर काढतो. मेंदूच्या पुढच्या भागातली छाटणी संपत आलेली असते तेच हे वय. छाटणी जास्त होते म्हणून हा आजार होतो, असं त्यावरून सरसकट म्हणणं घाईचं होईल. पण ‘लहानपणी आईबापांनी लाड केले म्हणून’ असले दोष देणाऱ्यांना गप्प करायला हा पुरावा पुरेसा आहे.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, या पेशींना लगाम घालावा, म्हणजे म्हातारपणी मेंदू शाबूत राहील. औषधांच्या दुकानातल्या ‘मेंदूचा दाह कमी करणाऱ्या’ डब्या याच समजावर खपतात. शास्त्रज्ञांनाही एके काळी तसंच वाटलं होतं. संधिवातासाठी वर्षानुवर्षं दाहशामक गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, अशी निरीक्षणं होती. म्हणून अमेरिकेत सुमारे अडीच हजार वृद्धांवर नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब यांची चाचणी सुरू झाली. हृदयाच्या धोक्याच्या शंकेने २००४च्या डिसेंबरात गोळ्या बंद कराव्या लागल्या, आणि संरक्षण काही मिळालं नाही.

मिनोसायक्लिनची कहाणी तर याहून बोलकी आहे. मुरुमांवर दिलं जाणारं हे साधं प्रतिजैविक मायक्रोग्लियांनाही शांत करतं. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे अनिर्बाण बसू यांच्या गटाने जपानी मेंदूज्वरावर काम केलं. डासांमधून पसरणारा हा विषाणूजन्य आजार पूर्व विदर्भातही आढळतो. विषाणू चेतापेशी मारतोच, पण चवताळलेल्या मायक्रोग्लियांनी सोडलेली रसायनं आणखी चेतापेशींचा बळी घेतात, हे या गटाने दाखवलं. २००८मध्ये त्यांनी संसर्ग झालेल्या उंदरांना मिनोसायक्लिन दिलं तर कितीतरी उंदीर वाचले. इथे लगाम घालणं योग्य होतं. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराच्या ४१२ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला होता. मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची प्रकृती, न घेणाऱ्यांपेक्षा २५ टक्के जास्त वेगाने खालावली. २०२०मध्ये सौम्य अल्झायमरच्या रुग्णांवरही ते निष्फळ ठरलं. औषध तेच, पेशी त्याच. फरक होता तो वेळेचा आणि आजाराचा. चार दिवसांचा वणवा विझवणं वेगळं, आणि वीस वर्षं धुमसणाऱ्या घरातल्या झाडूवाल्याला हाकलणं वेगळं.

झाडूवाला हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. २०१३मध्ये दोन गटांना, त्यातला एक आइसलँडचा, ट्रेम-२ नावाच्या जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला. तो ज्यांच्यात आहे त्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट. मेंदूत हे जनुक बोलतं ते मायक्रोग्लियांतच. आणि हा बदल त्यांना आक्रमक करत नाही, दुबळं करतो. निरोगी मायक्रोग्लिया अमिलॉइडच्या गोळ्याला चहूबाजूंनी वेढून, दाबून, घट्ट करून ठेवतात. ट्रेम-२ नसेल तर त्या तिथवर पोचत नाहीत, गोळा विस्कटलेला राहतो आणि शेजारचे तंतू सुजतात. आई आणि वडील दोघांकडूनही हे जनुक निकामी मिळालं तर नासू-हाकोला नावाचा आजार होतो. जपान आणि फिनलंडमध्ये तो प्रथम ओळखला गेला. विशीत घोट्याच्या, मनगटाच्या हाडांत पोकळ्या होऊन साध्या ठेचेने हाड मोडतं. तिशीत स्वभाव बदलतो, मग स्मृतिभ्रंश. हाड झिजवून घडवणाऱ्या पेशी आणि मायक्रोग्लिया एकाच कुळातल्या, म्हणून घोटा आणि मेंदू एकाच धाग्यात ओवले गेले.

म्हणजे एका टोकाला जास्त खाणाऱ्या पेशी, दुसऱ्या टोकाला खाऊ न शकणाऱ्या, आणि कदाचित एकाच रुग्णात आजाराच्या दोन टप्प्यांवर दोन्ही. ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ मायक्रोग्लिया अशी पूर्वीची विभागणी जगभरच्या संशोधकांनी २०२२मध्ये एकत्र येऊन मोडीत काढली, ते बरंच झालं. ट्रेम-२ला चेतवणाऱ्या प्रतिपिंडाची चाचणी २०२४ अखेर अपयशी ठरली, तेव्हा बातम्यांचा सूर निराशेचा होता. मला ती वाट बंद झाली असं वाटत नाही. आजार जडून बसल्यावर गोडी छाटणीच्या वेळी खरड छाटणी करण्याचा तो प्रकार असू शकतो.

वेगळी वाट दाखवणारं काम चीनमधून आलं. मायक्रोग्लिया जगतात त्या सीएसएफ१आर नावाच्या एका ग्राहीच्या, म्हणजे रिसेप्टरच्या जोरावर. तो रेणू औषधाने अडवला तर उंदराच्या मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या मायक्रोग्लिया नाहीशा होतात आणि औषध थांबवल्यावर काही दिवसांत पुन्हा भरून येतात, हे २०१४मध्येच दिसलं होतं. काही माणसांत या ग्राहीचं जनुकच सदोष असतं. चाळिशीच्या आसपास त्यांच्या मेंदूतला पांढरा भाग झिजू लागतो आणि बोलणं, चालणं, ओळख हळूहळू जाते. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा आठ रुग्णांना निरोगी दात्याची अस्थिमज्जा दिली गेली. दात्याच्या पेशींनी मेंदूत जाऊन सदोष मायक्रोग्लियांची जागा घेतली आणि दोन वर्षं आजार पुढे सरकला नाही. आठच रुग्ण आहेत आणि उपचारही जिवावरचा. तरीही पहिल्या आठवड्यांत बंद झालेलं दार उघडता येतं, हे त्या आठांनी दाखवलं.

आता आत्याकडे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी आधीच मेंदूचा आजार असलेले उंदीर घेतले आणि त्यांच्या पोटात जंतूंच्या कवचाचा अंश टोचला. जिवंत जंतू एकही नव्हता. पण रक्तातले दाहाचे निरोप मेंदूपर्यंत पोचले आणि मायक्रोग्लियांनी निरोगी उंदरांपेक्षा कितीतरी तीव्र प्रतिसाद दिला. आजाराने किंवा वयाने त्या आधीच ताणलेल्या असतात. पहिल्या वेळी कुजबुज पुरते, दुसऱ्या वेळी तीच आरोळी होते. त्याच गटाने २००९मध्ये अल्झायमरच्या ३०० रुग्णांना सहा महिने पाहिलं. या काळात ज्यांना संसर्ग किंवा दुखापत झाली, त्यांची बुद्धी दुप्पट वेगाने ढासळली. संसर्ग छातीचा असो, लघवीचा असो, मेंदूला त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून वय झालेलं माणूस दोन दिवसांत अचानक बरळू लागलं, दिवस-रात्र विसरलं, चादर चिमटू लागलं, तर त्याला ‘म्हातारचळ’ म्हणू नका. म्हातारचळ महिन्या-वर्षांनी येतो, असा एका रात्रीत येत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. लघवी, छाती, रक्तातलं सोडियम, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी, पोट साफ होतंय की नाही, हे सगळं पाहायचं.

आत्या बरी झाली, पण पूर्ण पूर्वीसारखी नाही. चहाची पूड कुठल्या डब्यात ते ती कधीमधी विसरते. गेल्या महिन्यात तिला पुन्हा ताप आला. आम्ही पहिल्याच दिवशी लघवी तपासायला दिली. चष्मा तिच्या डोळ्यांवर आणि यंत्र कानात राहील असं पाहिलं, खिडकीचा पडदा उघडा ठेवला, समोर मोठ्या आकड्यांचं कालनिर्णय टांगलं, आणि रात्री आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. चौथ्या दिवशी ताप उतरला. संध्याकाळी तिने सुनेकडून मेथीची जुडी मागून घेतली आणि परातीत निवडायला बसली. हात हळू चालत होते. मधूनच एखादी काडी पानांच्या ढिगात जात होती, आणि तिचं तिलाच दिसलं की ती उचलून पुन्हा बाजूला ठेवत होती.